वकील बघायचा दिवस

“मगरवाला काका!” जोसी किंचाळली, आणि ताटकळत बसलेली सगळी माणसं हसली.

वकिलाच्या कचेरीच्या भिंतीवर पुरुषभर उंचीचा फोटो होता. महामार्गावर जागोजागी दिसतो तोच. वकील बार्टन डूसे मगरीच्या पाठीवर बूट रोवून उभा, आणि पायाशी ठसठशीत अक्षरं : ‘तुम्हाला लागलंय? मी लढतो.’ अडीच वर्षांच्या जोसीला स्वतःचं आडनाव अजून धड म्हणता येत नव्हतं. पण आख्ख्या लुईझियानातल्या पोरांसारखा हा चेहरा तिला पाठ होता.

तिच्या आईने, डेल्फिनने, तिला मांडीवर ओढलं, चिकट हात पुसले, दाराकडे बघितलं, मग खिडकीकडे. बाहेर एक पांढरी गाडी मघापासून उभी होती. आत कुणी आहे का? कालपासून तिला प्रत्येक उभ्या गाडीत विमा कंपनीचा कॅमेरा दिसत होता.

तिचा नवरा ओरेन कुबडीवर रेलून उभाच होता. बसलं की खुब्यातून कळ निघते, त्यापेक्षा उभं बरं, असं तो सगळ्यांना सांगायचा. खरं कारण डेल्फिनला ठाऊक होतं. परक्या माणसांदेखत कुणाचा हात धरून उठणं त्याच्या जिवावर यायचं.

शाळेच्या बस दुरुस्त करणारा माणूस हा. गेल्या उन्हाळ्यात महामार्गाच्या कडेला बंद पडलेल्या बसचं चाक बदलत होता, तेवढ्यात मालाचा एक ट्रक कडेचा पट्टा ओलांडून अंगावर आला. खुब्याचा चुरा झाला, पाठीत पट्ट्या आणि स्क्रू बसले, डावं पाऊल बधिर झालं ते झालंच. लघवीवर ताबा राहिला नाही, हे मात्र घराबाहेर कुणालाच माहीत नव्हतं. सासूलासुद्धा नाही. डॉक्टर म्हणत होते, अजून एक ऑपरेशन लागेल, कदाचित दोन, आणि पुढे जन्मभर काही ना काही. दावा लावायची मुदत संपत आली होती. वकील ठरवायचं दोघं आज उद्या करत राहिली होती.

आणि काल संध्याकाळी ट्रक कंपनीच्या विम्याकडून त्या गोड आवाजाच्या बाईचा फोन आला. “ओरेन हिंडूफिरू लागले वाटतं! फोटो बघितला, इतकं बरं वाटलं!”

डेल्फिनने फोन ठेवून तो फोटो शोधला. तो ओरेनच्या चुलतभावाने, कर्बीने, हौसेने फेसबुकवर टाकला होता. गुड फ्रायडेचा दिवस, घरचं अंगण, आणि ओरेन उकळत्या क्रॉफिशचा, गोड्या पाण्यातल्या झिंग्यांचा, भला मोठा हंडा चुलीवरून उचलतोय. कुबडी कुठे दिसत नाही. चेहऱ्यावर हसू.

“मेलॉसाँ मंडळी! या, या!” बार्टन डूसे स्वतः दारापर्यंत आला. फोटोपेक्षा बुटका होता. जोसीने त्याच्या पायांखाली मगर शोधली आणि हिरमुसली. त्याने लगेच खिशातून रबरी मगर काढून तिच्या हातात दिली. सवयीचा हात होता तो.

त्याने ओरेनची फाइल चाळली, ओरेनकडे फारसं बघितलं नाही. हंड्याचं ऐकलं तेव्हा मात्र खुर्ची पुढे ओढली.

“हे फार कुणी बघितलं नाहीय ना? भावाला सांग, आजच्या आज काढून टाक म्हणावं. आणि दोस्ता, कुणी विचारलंच, तर हंडा रिकामा होता. काय?”

“रिकाम्या हंड्यातून वाफ कशी येते?” डेल्फिन म्हणाली.

डूसे हसला. “मॅडमची नजर तिखट आहे.”

“ज्यूरीसमोर शेवटचे कधी उभे राहिलात तुम्ही?”

“मॅडम, चांगला सर्जन कोण? जो ऑपरेशन टाळतो तो.”

“आणि टाळता नाही आलं तर?”

“तर माणसं आहेत आपल्याकडे.” त्याने दाराबाहेर कुठेतरी हात केला. “पण तिथवर जाऊच नये. या फोटोनंतर तर नाहीच. तडजोड करू, जे देतील ते पदरात पाडून घेऊ. पावसातल्या छपरासारखं असतं हे, गळकं का होईना पण डोक्यावर काहीतरी. सह्या करून टाका, मी आजच फोन लावतो.”

ओरेनने पेन हातात घेतलं. डेल्फिन म्हणाली, “जोसीला शूला न्यायचंय,” आणि जोसीला नको असताना तिला उचलून बाहेर पडली. ओरेनला मागोमाग यावंच लागलं.

गाडीत सासूचा फोन. अर्लीनचा आवाज स्पीकरवर घुमला. “झाल्या सह्या?”

“अजून एका वकीलबाईला बघतोय, मिस अर्लीन,” डेल्फिन म्हणाली. इकडे वडीलधाऱ्या बाईला सगळे मिसच म्हणायचे.

“बघताय! नवरीमुलगी आहे का ती? माझ्या भाच्याला त्या मगरवाल्याने वर्षाच्या आत मिळवून दिलं. कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. तुला काय, माझ्या पोराला चारचौघांत उभं करून तमाशा करायचाय?”

“आई, मी गाडीतच आहे,” ओरेन म्हणाला.

“मग तू बोल की! जीभ पण ट्रकखाली गेली का तुझी?”

ओरेन हसला. डेल्फिनला हसू आलं नाही. तमाशा हा शब्द तिच्या मनात रुतून बसला. आरशात तिने पुन्हा मागे बघितलं. पांढरी गाडी नव्हती. निळी होती. निळी पण तीच तर नसेल?

ती दातांच्या दवाखान्यात दात साफ करायचं काम करायची. कॉलेज शिकून घेतलेलं काम, आणि अर्धं गाव तिच्यासमोर तोंड उघडून बसलेलं. रोज दातांतून दोरा फिरवतो, असं सगळेच सांगायचे, आणि हिरडीला हात लावला की रक्त यायचं. खोटं बोलणाऱ्यांचा तिला राग येत नसे. सवय झाली होती. त्यामुळेच निवृत्त पोस्टमन मिस्टर ॲल्सी गेल्या महिन्यात खुर्चीत बसून जे खरं बोलून गेला ते तिच्या लक्षात राहिलं. तो एका खटल्यात ज्यूरीवर होता. “त्या वकीलबाईच्या, आयोला बटिस्टच्या, विरुद्ध निकाल दिला आम्ही,” तोंडातली लाळ ओढायची नळी बाजूला सारत तो म्हणाला. “पण उद्या माझ्यावर वेळ आली, तर मी तिच्याकडेच जाईन.”

“हरली तरी?”

“बाई आम्हाला एकदाही मूर्ख समजली नाही, पोरी. आता लाव तुझी नळी.”

एवढ्या शिफारशीवर नवऱ्याचं आयुष्य सोपवायचं! तरी तिने गाडी कोर्टाकडे वळवली.

मिस आयोलाची कचेरी कोर्टासमोरच्या चौकात, बियाण्यांच्या दुकानाच्या वर होती. जिना बघून डेल्फिनने ओरेनकडे बघितलं. ओरेन एकेक पायरी चढला, ती मागे राहिली, हात न लावता, पण हात तयार ठेवून. वर एसी बंद होता, खिडक्या सताड उघड्या. साठीच्या पुढची बाई टेबलावर कागद पसरून भात भरलेलं सॉसेज खात होती. तिने बोटं पुसली.

“बसणार की उभे राहणार?”

“उभाच बरा,” ओरेन म्हणाला.

“मग मीही उभी राहते.” आणि ती खरंच उठून उभी राहिली. “आता तुला जे सांगायची लाज वाटतेय, ते आधी सांग. बाकीचं कागदांत असतंच.”

ओरेनने डेल्फिनकडे बघितलं. डेल्फिनने फोन पुढे केला. मिस आयोलाने चष्मा लावला आणि फोटो बराच वेळ बघितला.

“काय होतं हंड्यात?”

“क्रॉफिश. आख्खं पोतं. वर मके, बटाटे.”

“हंडा कुणाचा?”

“बाबांचा. गेले हिवाळ्यात.”

“आणि हा शेजारी हात पुढे केलेला कोण?”

“कर्बी. तो म्हणाला होता, मी घेतो म्हणून.” ओरेनने कुबडी या हातातून त्या हातात घेतली. “पण गुड फ्रायडेला घरचा कर्ता माणूस उचलतो ना. आख्खं खानदान टेबलाभोवती उभं होतं. सगळे बघत होते.”

“ज्यूरीत बारा जण बसतील. इथलेच. त्यांतले किती जण कर्बीला उचलू देतील?”

ओरेन त्या दिवसात पहिल्यांदा मोकळा हसला. “बायका देतील.”

“बायका तर तुला चुलीजवळ फिरकू देणार नाहीत!” मिस आयोला म्हणाली, आणि जोसीसुद्धा का ते न कळता हसली. मग बाईचा आवाज उतरला. “हे बघ. हा फोटो ते दाखवणारच. म्हणून त्यांच्या आधी मी दाखवीन. भिंतीएवढा मोठा करून. आणि मग तुला विचारीन, ओरेन, नंतर काय झालं?”

खाली कुणीतरी ट्रकमध्ये पोती टाकत होतं, त्यांचा धप्प धप्प आवाज येत होता.

नंतर काय झालं ते दोघांनाच माहीत होतं. टेबलावर हंडा ओतून, टाळ्या घेऊन ओरेन शेडच्या मागे गेला होता. बराच वेळ दिसेना म्हणून डेल्फिन शोधत गेली, तर तो चिखलात ओणवा पडलेला, तोंडाला फेस, पँट ओली. उठता येईना. तिने जोसीचा टॉवेल आणला, तिथेच त्याचे कपडे बदलले, आणि पाहुण्यांना सांगितलं, बर्फ आणायला गेलाय. अंगणात सगळे खात होते, गाणी वाजवत होते. तो मुठीत गवत धरून पडला होता.

“मी सांगितलं तर?” डेल्फिन घाईघाईने म्हणाली. “मी होते तिथे. मी साक्ष देते. सगळं सांगते.”

“तुम्हीही सांगाल. पण तुम्ही सांगितलंत तर ती बायको, नवऱ्याची बाजू घेणार. त्याने सांगितलं, तर ज्यूरीसाठी ते घडलेलं असेल.”

“आणि हरलो तर?”

“हरू शकतो.” मिस आयोलाने ते लपवलं नाही, गोडही केलं नाही. “मी हरलेय. तसं झालं, तर सगळ्या गावाला कळलेलं असेल आणि हातात काही नसेल. हे समजून-उमजून माझ्याकडे या. नाहीतर त्या मगरवाल्याकडे जा. वाईट माणूस नाहीये तो. काही ना काही देतोच मिळवून.”

डेल्फिन खिडकीपाशी गेली, परत आली. जोसीच्या बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधली. तिकडे थोडकं, पण झाकलेलं. इकडे जन्माचं दवापाणी निघेल कदाचित, पण त्यासाठी या माणसाला सगळ्या गावासमोर सोलायचं. ज्याला परक्यादेखत खुर्चीतून उठवत नाही, त्याला! तिनेच त्याला आज हातातलं पेन सोडायला लावून इथवर आणलं होतं. उद्या दुकानात, चर्चमध्ये, तिच्या दवाखान्यातल्या खुर्चीत माणसं त्या ओल्या पँटची आठवण ठेवून तिच्याकडे बघतील. ती सोसेल. तो?

“चल ओरेन,” ती म्हणाली. “जाऊ या. तो कागद आहे अजून तिथे. सही करू.”

ओरेन हलला नाही. त्याने खोलीच्या दुसऱ्या टोकाकडे हनुवटी केली. “ज्यूरी किती लांब असते?”

मिस आयोला काही न बोलता चालत गेली आणि त्या भिंतीशी पाठ लावून उभी राहिली. “एवढी. आणि मी शेवटच्या रांगेतला म्हातारा आहे. कमी ऐकू येतं मला.”

“डेल, जोसीला खाली ने.”

“ओरेन, आजच नको…”

“ने गं.”

ती जिना उतरली. चौकात ऊन होतं. दुकानासमोरच्या ओकच्या सावलीत ती उभी राहिली. बियाण्याच्या दुकानातला गडी ट्रकमध्ये पोती टाकत होता. तिने त्याला ओळखलं. खालच्या दाढेत कीड होती त्याच्या, गेल्याच आठवड्यात येऊन गेला होता. त्यानेही मान हलवली.

वरून आवाज आला, पुटपुटल्यासारखा.

“ऐकू आलं नाही,” मिस आयोलाचा आवाज.

पुन्हा पुटपुट, जरा चढी.

“शेवटच्या रांगेत पोचलं नाही, ओरेन.”

डेल्फिनने वर बघितलं. खिडक्या सताड उघड्या. धावत जावं, निदान एक तरी लावून घ्यावी. तिने पायरीवर पाय ठेवलासुद्धा. गडी तिच्याकडे बघत होता. त्याला काय ऐकू येत असेल याचा अंदाज घेत ती अर्धवट वळली आणि तशीच थांबली. तिने जोसीचे कान दोन्ही हातांनी झाकले.

“…शेडच्या मागे गेलो, कारण मला उभं राहता येत नव्हतं.” आता आवाज चौकात स्पष्ट आला. ओरेनचा आवाज इतका मोठा असतो हे ती विसरूनच गेली होती. बस दुरुस्त करताना तो असाच हाका मारायचा, इंजिनाच्या वरून.

जोसीने डोकं हलवून तिचे हात सोडवले. “बाबा रागावलाय?”

“नाही गं. सांगतोय.”

“कुणाला?”

डेल्फिनने तिला कडेवर घेतलं.

“…आणि मी कपड्यांतच…” आवाज अडला. मग तो पुन्हा आला, पहिल्यापेक्षा मोठा, सरळ. “कपड्यांतच झालं. माझ्या बायकोने माझे कपडे बदलले. अंगणात सगळे जेवत होते.”

गड्याने खांद्यावरचं पोतं ट्रकच्या कडेला आणलं होतं. तो टाकणार होता. त्याने गुडघे वाकवले, पोतं पोटाशी घेतलं, आणि तान्ह्या मुलाला निजवावं तसं, जराही आवाज न करता, हळूच खाली ठेवलं.