ओढ्याकडच्या विहिरीचं पाणी

विजयमालाबाईंनी गोदावरीच्या तळहातावर पट्टी दोनदा ओढली आणि दुसरीचा वर्ग चिडीचूप झाला. पोरीने हात मागे घेतला नाही. अकरा वर्षांची ती, वर्गात सगळ्यांत उंच, लहान पोरींच्या मागे भिंतीला टेकून बसणारी. मधल्या सुट्टीत तिने एका मुलीच्या हातातला पाण्याचा पेला उडवला होता. आठवड्यातली ही तिसरी वेळ.

"का केलंस?"

गोदावरी फरशीवरच्या ओघळाकडे बघत राहिली.

शाळा सुटल्यावर बाई तक्रार सांगायला तिच्या आत्याकडे गेल्या. सोजरबाई सोलापुरात, शाळेजवळच शुक्रवार पेठेत दोन खोल्यांत राहायची.

"खोडकर न्हाय वो ती, बाई," सोजरबाई म्हणाली. "केमजवळच्या वस्तीवर माझा भाऊ असतोय, महिपती. त्याची ही पोर. दुष्काळाच्या उन्हाळ्यात कॉलऱ्याची साथ आली. हिची आई एका दिवसात गेली. ही बी पडली, पर वाचली. तवापासनं न उकळलेल्या पाण्याला शिवत न्हाय, माझ्या हातातला तांब्या बी काढून घेती. चौथीत हुती तवा. दोन वरसं शाळंचं तोंड बघितलं न्हाय. शिकलेलं समदं इसरून गेली, म्हणून दुसरीत बसवली."

"वडील येतात का भेटायला?"

"ज्वारी धाडतो एसटीनं. सवता एकदाबी आला न्हाय."

बाई घरी परतल्या, त्या तळहाताचाच विचार करत. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी पुष्कळ पोरींना पट्टी दिली होती, पण ती अशी कधी स्वतःलाच झोंबली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोदावरीला शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. "काल मी तुला मारलं, ते माझं चुकलं," त्या म्हणाल्या. पोरीने पहिल्यांदाच मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

मग रोज तासभर दोघी बसू लागल्या. पाण्याचा विषय बाईंनी काढला नाही. जोडाक्षरं, पाढे, धडे. दिवाळीपर्यंत गोदावरी अडखळत का होईना, तिसरीचं पुस्तक वाचू लागली. एकदा बाईंनी तिला आईवर चार ओळी लिहायला सांगितल्या. बराच वेळ पेन्सिल चावून तिने एकच ओळ लिहिली: 'आईला पाणी मी दिलं.'

बाईंनी पाटी हातात घेतली. "कुठलं पाणी, गोदावरी?"

"ओढ्याकडच्या हिरीचं. आई खडी फोडून आली हुती. म्या कळशी भरून आणली, पयला तांब्या तिला दिला." तिचा आवाज अगदी सपाट होता. "मीच मारलं की तिला, बाई."

बाईंनी सगळं समजावलं. रोगाचे जंतू दिसत नाहीत, साथ गावोगाव होती, लहान मुलीला ते कसं कळणार? गोदावरीने मान डोलावली. पाढा न समजताही ती अशीच डोलवायची. आपले शब्द वरच्या वर वाहून गेले, हे बाईंना कळलं.

पुढच्या रविवारी सकाळच्या पॅसेंजरने दोघी केमला उतरल्या आणि वस्तीवर चालत गेल्या. महिपती गोठ्यापाशी दावं वळत बसला होता. लेकीला बघून तो उठला, पण पुढे आला नाही.

"हिच्या मनात एक गोष्ट आहे," बाई म्हणाल्या. "ती तुम्ही ऐकायला हवी."

गोदावरीने जमिनीकडे बघत तेच सांगितलं. कळशी, तांब्या, मीच मारलं.

महिपतीच्या हातातलं दावं गळून पडलं.

"तू? अगं पोरी, तुला त्या हिरीवर धाडलं कुणी? म्याच की! तिचं पाणी पिऊ नगा म्हणून दवंडी झाली हुती. म्या ह्या कानांनी ऐकली हुती. दुसरी हीर लई लांब, उनात पोर कशी जाईल, म्हणून म्हनलं, जा तितंच." तो तिथेच खाली बसला. "मला वाटलं, तुला ठावं हाय. तू माझं तोंड बी बघणार न्हाईस. म्हणून आलो न्हाय."

गोदावरी बापाकडे एकटक बघत होती. मग तिने विचारलं, "तुमी बी पिलासा ते पानी?"

"पिलो की. तिघंबी पिलो."

ती त्याच्याजवळ गेली आणि त्याच्या खांद्याला टेकून बसली. मग दोघंही रडू लागली, तशा बाई गोठ्यामागे गेल्या. या माणसाला अजून किती वर्षं हे सोसायचं आहे, आणि ते आपण आज उकरून काढलं, हा विचार त्यांना सोडेना. बऱ्याच वेळाने घरातून महिपतीची हाक आली, "बाई, भाकरी खाऊन जावा."

त्यानंतर महिपती दर महिन्याला सोलापूरला येऊ लागला. पेले उडवणं थांबलं, तरी पाणी उकळून घ्यायची गोदावरीची सवय गेली नाही. बाईंनीही ती मोडायला सांगितलं नाही. चौथीच्या परीक्षेला ती पहिल्या वर्षी गणितात नापास झाली, पुन्हा बसली आणि पास झाली.

पाचवीत नाव घालायला महिपती स्वतः आला. "किती शिकंल वो ही, बाई?" त्याने विचारलं.

बाईंनी गोदावरीकडे पाहिलं.

"मला इचारा की," ती बापाला म्हणाली. पंधरा वर्षांची झाली होती ती, नव्या वर्गातही सगळ्यांपेक्षा उंच. "मॅट्रिक हुणार हाय मी."