चौथं कलम

ठमी माझी मुलगी, पण झोपते नणंदेच्या खांद्यावर. दीड वर्षाच्या पोरीचं काय मनावर घ्यायचं, असं मी स्वतःला रोज समजावते आणि रोज मनावर घेते.

नणंद, म्हणजे आमच्या ताई, वकिलांच्या ऑफिसात दस्त तयार करतात. आम्ही नवराबायकोने मृत्युपत्र करायचं ठरवलं, तेव्हा तेही त्यांच्याच टेबलावर गेलं. चौथ्या कलमात ठमीची पालक म्हणून नवऱ्याने परस्पर त्यांचं नाव सांगून टाकलं होतं. मला कळलं ते कागद पुढ्यात आल्यावर.

त्या ऑफिसात नुसती सही चालत नाही. अवघड शब्द वाचून दाखवतात, त्याचा अर्थ आपण आपल्या शब्दांत सांगायचा, मग शेवटी ‘समजले’ म्हणून लिहायचं. नवरा पाच मिनिटांत सगळं सांगून कामावर गेला. मी अडून बसले. समजलं म्हटलं की पोरगी हातची गेली, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

‘हयातीनंतर’ म्हणजे आम्ही नसताना, मी म्हटलं. दोघंही नसताना, एकजण असेल तर नाही, ताईंनी दुरुस्त केलं. यावर खरं तर जीव गार व्हायला हवा होता. पण मेल्यावर ठमीच्या वेण्या कोण घालणार, तापात उशाशी कोण बसणार, हे दिसायला लागलं आणि मी आणखीच जळले. भूत होऊनसुद्धा त्यांच्या खिडकीशी धुमसत उभी राहिले असते.

मग मी ‘निरसन’ या शब्दाचा अर्थ विचारला. दोनदा. मृत्युपत्र आपण जिवंतपणी केव्हाही रद्द करू शकतो, ताई म्हणाल्या. आत्ताही माझं नाव काढून तुझ्या बहिणीचं घालता येईल, दहा मिनिटांचं काम आहे. बहीण माझ्या डोक्यात आहे हे यांना कुठून कळलं? ठमी त्यांच्या मांडीवर बसून खुशाल रबरी शिक्का चोखत होती.

शेवटच्या पानावर ‘पालकाची संमती’ होती. खाली ओळ कोरी.

“तुमची सही राहिलीय इथे.”

“राहिली नाही. मी केली नाही.”

“का?”

“त्याने सांगितलं, मी नाव टाइप केलं. पण तू कुठे विचारलंस मला? आईने न विचारता दिलेलं मूल मी नाही घेणार.”

संमती म्हणजे समोरचं माणूस नाहीही म्हणू शकतं. इतके दिवस मी पोरीला यांच्यापासून राखत होते. या नको म्हणतील, हे मनातही आलं नव्हतं. आता आलं. बहिणीला आठवून पाहिलं. ठमीला झोपवणारा तो खांदा तिच्याकडे नव्हता.

“ताई, आम्ही नसलो तर सांभाळाल हिला?” मी विचारलं.

“सांभाळेन. आई म्हणायला लागली तर आत्या म्हण म्हणून सांगेन. रोज सांगेन.”

मी ‘समजले’ लिहिलं. सहीसाठी हात मोकळा हवा म्हणून ताईंनी ठमीला माझ्याकडे दिलं. ती लगेच रडायला लागली, दोन्ही हात त्यांच्याकडे. ताईंची सही चांगली लांबलचक आहे. ती पुरी झाली, त्यांनी पेनाला टोपण लावलं, हात पुढे केले. मी ठमीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हटलं, राहू द्या, होईल ती गप्प.