फळीवरची आजी

माझी लेक घरी बसून नोकरी करायची आणि मी माझ्या घरी बसून तिची मुलगी सांभाळायची. आमच्या दोन घरांमध्ये विमानाचा अख्खा दिवस जातो. "जमतं का हो असं?" कुणी विचारलं की मी म्हणायची, "जमत नाही, जमवतो."

त्यांच्याकडे सकाळ व्हायची तेव्हा माझ्याकडे दुपार कलायला लागायची. मी तोंड धुऊन, केस नीट करून, फोन घेऊन खिडकीजवळच्या टेबलाशी बसायची. शेजारची मास्तरीण निवृत्त झालेली, तिला दुसरा उद्योग नाही. ती गॅलरीतून ओरडायची, "निघालात का कामावर?"

"निघाले. उशीर झाला तर साहेबीण रडते."

साहेबीण म्हणजे ठकी, माझी नात. जन्मली तेव्हा गाल रंगवलेल्या लाकडी बाहुलीसारखे होते, म्हणून मी ठकी म्हणाले आणि तेच चिकटलं. कागदावरच्या नावाने तिला फक्त दवाखान्यात हाक मारतात.

तिकडे बाहेरच्या खोलीत पुस्तकांच्या फळीवर माझी लेक जुना फोन टेकवून ठेवायची. तिथून मला सोफा दिसे, अर्धी खिडकी दिसे, कपड्यांच्या कपाटाची एक बाजू आणि आतल्या खोलीचं बंद दार. त्या दारामागे लेक कानाला हेडफोन लावून लोकांच्या तक्रारी ऐकत बसलेली असे. फ्रिज बनवणाऱ्या कंपनीचं काम. ज्याचा फ्रिज बिघडला तो दिवसभर हिच्यावर ओरडणार आणि ही गोड आवाजात माफी मागणार.

"आई, आज एका बाईने मला शाप दिला. म्हणाली, तुझंही दूध नासेल."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे."

हसलो आम्ही. पण त्या नोकरीत एक जाच होता. मागून पोराबाळांचा आवाज आलेला चालत नसे. वरचे साहेब अधूनमधून गुपचूप फोन ऐकायचे. म्हणून लेकीने दाराच्या मुठीला तांबडी फीत बांधायची पद्धत पाडली. फीत माझ्याच पेटीतली, ठकीच्या झग्यासाठी पाठवलेली, उरलेली. फीत मुठीला असली की आई नाही. मग हाक मारायची नाही, दार वाजवायचं नाही, शहाण्यासारखं बसायचं. चार वर्षांच्या पोरीने ते इतकं मनावर घेतलं होतं की कधी कधी ती दाराबाहेर मांडी घालून, तोंडावर बोट ठेवून नुसती बसून राही. मला ते बघवत नसे. मी फळीवरून हाक मारायची, "ठके, इकडे ये गं, माझ्याकडे फीत नाही."

लेकीच्या मांडीवर दुसरा फोन असे, न वाजता नुसता थरथरणारा. काही झालं तर मी तो लावायचा. "पण आई, रक्त, आग नाहीतर पाणी. तेवढ्यासाठीच हं. उगाच नाही."

जावयाला हे सगळं पहिल्यापासून पटलं नव्हतं. माणूस वाईट नाही. पहाटेच कारखान्यात जातो, संध्याकाळी दमून येतो, तरी पोरीला अंघोळ तोच घालतो. तो म्हणाला होता, "आई, तुमच्या मायेबद्दल शंका नाही. पण वेळ आलीच तर तुम्ही फळीवरून खाली कशा उतरणार?"

तिकडे जाऊन राहावं तर तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि माझे गुडघे असे की खालच्या दुकानातून पाव आणला तरी जग जिंकल्यासारखं वाटतं. शेवटी ठरलं ते असं : जमेल तोवर जमेल. माझ्यामुळे लेकीला काम अर्ध्यात टाकून उठावं लागलं, की ठकी पाळणाघरात. जावयाने हे बोलून दाखवलं, लेकीने मान खाली घातली, मी कबूल केलं. दिवसातले तेवढेच तास माझे होते. बाकीचे नुसते काढायचे असत.

आणि मी ते डोळ्यांत तेल घालून राखले. तिने केळं घेतलं की मीही इकडे केळं सोलायची, दोघी एकदम खायचो. मोठा घास कोण घेतं ते बघायचो. चिंध्यांच्या बाहुल्या करून मी टेबलाच्या कडेवर नाचवायची. ती मला बिस्किट भरवायला फोनच्या काचेला लावी आणि मग काचेवर नुसता चुरा. दिवसभर मला जग त्या चुऱ्यातून दिसे.

घरी बसून काम आणि पायाशी पोर, यात मला नवं काहीच नव्हतं. माझं शिवणाचं मशीन आजही त्याच खिडकीपाशी आहे. शाळेचे गणवेश, उशांचे अभ्रे, परकर, पडदे, येईल ते शिवलं. लेक मशीनखाली चिंध्यांच्या ढिगात बसायची. चाक फिरतंय तोवर आईशी बोलायचं नाही, हे तिला कुणी शिकवलं नाही, तिचं तीच शिकली. चाक थांबलं की खालून प्रश्न यायचा, थेट मधूनच, "मग ती मांजर कुठे गेली?" कारण गोष्ट तिच्या डोक्यात चालूच असायची.

झोपायची मात्र मशीनच्या आवाजावरच. काम नसलेल्या दिवसांत पंचाईत. पोर किरकिर करी, डोळे चोळी, पण झोपत नसे. मग मी दोरा काढून टाकायची, सुईखालचा दाब वर उचलायची आणि रिकामंच मशीन चालवायची. आमचे हे बाहेरून आले की म्हणत, "वा! लोकांना वाटतंय, काय काम आहे यांच्याकडे!" मी म्हणायची, "हळू बोला. गिऱ्हाईक झोपलंय."

तर तो दिवस. ठकीने खेळण्यांचा डबा फळीखाली ओढत आणला आणि त्यावर चढली. तिचा चेहरा मोठा मोठा होत गेला.

"खाली उतर बघू. पडशील."

"आजी, तुला उचलते."

"मला नको उचलू, मी जड आहे."

पण तिने उचललंच. छत दिसलं, मग तिची हनुवटी, मग फरशी. काहीतरी करकरलं. आणि अंधार झाला.

"ठके?"

काही नाही.

"ठके, अगं, कुठे आहेस? आजी हाक मारतेय ना."

माझ्या हाकेला ओ दिली नाही असं त्या पोरीने कधी केलं नव्हतं. रुसली तरी पाठ फिरवून ओ द्यायची. मी कान लावला. पावलं नाहीत, खेळण्यांचा आवाज नाही, रडणं नाही. फोन तिच्या हातून पडला असेल म्हणावं, तर आपटल्याचा आवाज नव्हता. मग मला ती अर्धी खिडकी आठवली, आणि तिसरा मजला, आणि तो चढायचा डबा.

रक्त नव्हतं, आग नव्हती, पाणी नव्हतं. अंधाराबद्दल आमचं काही ठरलं नव्हतं.

मी बऱ्याच हाका मारल्या. आवाज चिरका झाला तशी मास्तरीण गॅलरीत आली. "काय हो, काय झालं?" मी तिला हातानेच थांबवलं आणि घरातल्या दुसऱ्या फोनवरून लेकीला लावला. लावताना मला पुरतं कळत होतं मी काय करतेय ते.

अंधारातून मी सगळं ऐकलं. खुर्ची पडली. दार आपटलं. लेक ओरडली, "ठकी! ठकी!"

आणि अगदी जवळून, खालच्या आवाजात, ठकी म्हणाली, "शू! आजी कामात आहे."

उजेड आला तेव्हा मी जावयाच्या शर्टांच्या घडीवर टेकलेली होते. कपाटात. ठकीने मला माझ्या ऑफिसात नेऊन बसवलं होतं, दार लावून घेतलं होतं. बाहेरच्या मुठीला तांबडी फीत होती. गाठ येत नाही म्हणून नुसती गुंडाळलेली. आणि स्वतः दाराबाहेर मांडी घालून, तोंडावर बोट ठेवून, माझ्या इतक्या हाका ऐकत, शहाण्यासारखी बसून राहिली होती.

लेकीच्या गळ्यात हेडफोन लोंबत होता. त्यातून कुणाचा तरी बारीक आवाज येत होता, "हॅलो? हॅलो?" ती त्या फितीकडे बघत होती.

"आजी ओरडत होती ना गं? मग दार का नाही उघडलंस?"

"फीत होती," ठकी म्हणाली. "मी पण तुला आतून ऐकते. मी उघडते का?"

लेक खाली बसली. पोरीला तिने इतकं घट्ट धरलं की ठकी म्हणाली, "आई, दुखतंय." मग माझ्याकडे न बघताच मला म्हणाली, "आई, आज साहेब ऐकत होते."

नोकरी गेली नाही. ताकीद मिळाली, शेवटची. संध्याकाळी जावयाचा फोन आला. मी तयारीत होते. तो म्हणाला, "आई, तुम्ही बरोबरच केलंत. मी असतो तरी हेच केलं असतं." चार शब्द लावून बोलला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

पुढच्या आठवड्यापासून ठकी पाळणाघरात जायला लागली. तिथे तिला अंगण आहे, सवंगडी आहेत. सुट्टीच्या दिवशी फोनवर येते, धापा टाकत काहीतरी दाखवते, तिकडच्या भाषेतलं गाणं म्हणते, आणि गाणं अर्धं टाकून पळते. दार उघडं टाकून पळते, हे मी बघून ठेवलंय. आता ती कुठल्याच दाराबाहेर बसत नाही. चांगलंच आहे. मी मनाशी हे रोज म्हणते.

दुपारी मात्र सवयीने केस नीट करायची. टेबलाशी बसायची. मास्तरीण गॅलरीत असायची, पण "निघालात का?" असं विचारायची नाही. केळी आणायचं मी बंद केलं. एकटीला घड संपत नाही.

मग एके दिवशी, माझ्याकडे दुपार कलताना, नेहमीच्या वेळेला फोन वाजला. लेकीचा.

"काय झालं? ठकी बरी आहे ना?"

"बरी आहे. पाळणाघरात आहे. अगं, काही नाही झालं."

तिने मला टेबलावर कशाला तरी टेकवलं. पहिल्यांदाच मी ती आतली खोली बघत होते. भिंत, एक दिवा, थंड झालेला कप. आणि माझी लेक, कानावर हेडफोन, एका बाजूने. दाराला आता फीत लागत नव्हती. दार उघडंच होतं आणि त्यातून बाहेरची रिकामी खोली दिसत होती.

"घरात इतकं शांत आहे ना आई," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, ती गेली की काम भराभर होईल."

"होत नाही?"

"होतं. तेच तर." ती पडद्यावर काहीतरी बघत होती. "तुझं मशीन चालतं का गं अजून?"

"चालतं की. माझ्यासारखं कुरकुरतं, पण चालतं."

"चालव ना जरा. बोलू नकोस काही. मध्ये फोन आला की मी तुला बंद करीन, आवाज पण, चित्र पण. रागावू नकोस."

शिवायला घरात काही नव्हतं. मी दोरा काढला, दाब वर उचलला आणि गुडघ्यांना समजावून मशीनचा पायटा हलवला. चाक फिरलं. लेकीचे खांदे जरासे खाली आले, तेवढं मला दिसलं. मग तिने एकदम हात पुढे केला आणि तिची खोली गेली. कुणाचातरी फ्रिज बिघडला असणार.

फोनवर आता नुसता काळा चौकोन होता. ती ऐकतेय की नाही, परत कधी येईल, काही कळायला मार्ग नव्हता. गॅलरीतून मास्तरीण म्हणाली, "अरे वा, काम आलं वाटतं!"

मी मान हलवली आणि पाय थांबू दिला नाही.