पवन्याची बाग

जूनमधली सकाळ, सात वाजले होते. बनाबाईंनी माझ्या खोपीतली पोती उचलली आणि कुंपणाबाहेर रिकामी केली. वर्षाहून जुनं सगळं बी मुरमावर सांडलं. ही गोष्ट गेल्या वर्षीची.

मित्रांनो, मी मिरजगावजवळच्या एका वस्तीतली बियांची बाग आहे. माझ्यात आंबे-पेरू नाहीत. माझ्यात पवन्या आणि मारवेल ही चाऱ्याची गवतं आहेत, आणि कडेने हिवर, बोर, आपटा. वस्तीमागचा माळ चरून चरून उघडाबोडका झाला, तेव्हा त्याच्यावर पुन्हा इथलंच गवत यावं म्हणून बायकांच्या गटाने मला लावलं. असलं बी बाजारात मिळत नव्हतं. मग बनाबाई आणि त्यांची सून भारती, जिथे शेळीचं तोंड पोचत नाही अशा जागा हुडकत हिंडल्या. पडक्या विहिरीच्या काठावरून आणि बोरीच्या जाळीतून त्यांनी ठोंब खणून आणले, सऱ्यांवर लावले आणि पहिला उन्हाळा घागरीने पाणी घालून काढला.

मी जोमाने वाढले. गवताचं बी मिळवणं सोपं नाही. तुरा पिकला की वाराच ते घेऊन जातो, म्हणून बायका दिवस उजाडताच येत आणि एकेक तुरा मुठीत धरून ओरपून घेत. तालुक्याहून पाहुणे आले. माझ्या फाटकाला हार घातला गेला, फोटो निघाले.

त्या जोरावर ग्रामसभेने माळावरची चराई बंद केली. अट एकच होती. पोळ्यापर्यंत माळावर चाऱ्याचं गवत दिसलं पाहिजे, टोचणारी कुसळी चालणार नाही. नाही दिसलं तर माळ पुन्हा खुला. सगळ्यांसमोर शब्द दिला तो बनाबाईंनी. आणि सगळ्यात जास्त अडचण झाली ती त्यांच्याच दिराची, जालिंदरची. त्याला शेळ्या घेऊन लांबच्या ओढ्यापर्यंत जावं लागे.

“वयनी, माज्या शेळ्या काय तुमचे फोटू खात्यात व्हय?” तो फाटकाशी थांबून विचारी.

“जरा कळ काढ. पोळ्याला तूच इळा घिऊन येशील.”

पेरणीच्या आधी बनाबाईंनी जुनं बी फेकलं ते या घाईतही विचार करूनच. हा ज्वारीचा मुलूख. ज्वारीचं जुनं बी किडतं, दगा देतं, म्हणून इथे दर साली नवं बी पेरतात. तीच शिस्त त्यांनी गवताला लावली. आदल्या हिवाळ्यात काढलेलं ताजं बी शेणमातीच्या गोळ्यांत घालून बायकांनी माळभर टाकलं.

पाऊस बरा झाला. पवन्या काही उगवला नाही. माळावर फक्त तरोट्याचं तण माजलं. मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं की माझं बी ज्वारीसारखं नाही. ते गळल्यावर वर्षभर झोपतं, मग उठतं.

पोळ्याच्या सकाळी जालिंदर आला. “इळा आनलाय, वयनी. काय कापू? तरोटा?”

बनाबाई फाटक लोटून घराकडे वळल्या. त्यानंतर माझ्याकडे कुणी फिरकेना. सऱ्यांत तण वाढलं, फाटक तारेला लोंबकळू लागलं. माळ खुला करायला पुढच्या ग्रामसभेची तेवढी वाट होती.

एके दिवशी भारतीच बनाबाईंना घेऊन तण उपटायला आली. उपटलेलं तण कुंपणापलीकडे टाकायला गेली आणि तिथेच थबकली.

“आत्याबाई, हिकडं या. तुमी फेकलेलं बगा.”

मुरमावर गुडघ्याएवढा पवन्या उभा होता, तुऱ्यांसकट. बनाबाई खाली बसल्या, एक तुरा हातावर चोळला, फुंकर मारली.

“म्हंजे बी न्हाई चुकलं. मीच चुकले की गं.”

“मग गावात कसं सांगायचं?”

“असंच सांगायचं. उगवलंय ना? मग लाज कसली?”

त्यांनी अख्खी ग्रामसभा कुंपणापाशी आणून उभी केली. लोकांनी गवत हाताने चाचपलं आणि यंदाच्या पोळ्यापर्यंत मुदत वाढवली. त्यानंतर नाही, हेही तिथेच ठरलं.

यंदा, गेल्या पेरणीतून उरलेलं आणि वर्षभर राखलेलं बी माळावर गेलं आणि माळ हिरवा झाला. जालिंदर रोज बांधावर येऊन एक पात उपटतो, दाताखाली धरतो.

“कुसळी हाय ही.”

“पवन्या हाय. निंदून निंदून हात झिजलं माजं, मला सांगतो व्हय?”

“तुमच्या हातांना कळतंय, वयनी. पात दोन्हीची सारखीच दिसती, ग्रामसभेला तुरा दावावा लागंल.”

“मग सोड तुजी शेळी. ती सांगंल.”

“तिनं खाऊन सांगितलं, तर दावायला काय ऱ्हाईल?” जालिंदर म्हणाला, आणि बनाबाईंनाही हसू आवरलं नाही.

मला काळजी नाही. माझं बी मी ओळखते. मित्रांनो, तुमच्या गावाशेजारी उघडा माळ असेल तर तिथल्या गवताला तुरा येऊ द्या, बी गळू द्या आणि मग त्याला झोपू द्या. आमचं काम असं थांबूनच होतं.

पोळा चार दिवसांवर आला आहे. माझ्या जुन्या ठोंबांना तुरे फुटू लागले आहेत. माळावरच्या गवताला आज सकाळपर्यंत एकही तुरा आलेला नाही.