एन्ग्रासियाने दिलेला शब्द

"वहिनी, बाजूला हो," ग्रेगोरियो म्हणाला. त्याच्या हातातल्या कोयत्याला आधीच रक्त लागलं होतं.

एन्ग्रासिया हलली नाही. किल्ल्याची समुद्राकडची भिंत सकाळी अमेरिकन जहाजांच्या माऱ्यात कोसळली होती आणि तिच्या दगडांखाली एक जपानी शिपाई कमरेपर्यंत अडकला होता. बाकीचे डोंगरात पळाले. ज्यांना पळता आलं नाही, त्यांना गावकऱ्यांनी उतारावरच गाठलं. हा शेवटचा. आणि त्याला ती चांगली ओळखत होती.

ग्वाम बेटाच्या त्या खाडीवरचा किल्ला स्पॅनिश लोकांचा म्हणायचा, पण त्याचे दगड वाहिले बेटावरच्या मूळ चामोरो लोकांनी, पाठीवर चाबूक खात. चांदीची जहाजं यायची बंद झाली तसे स्पॅनिश तो टाकून गेले. मग सव्वाशे वर्षं तिथं नुसती झुडपं वाढली. गावातले लोक तिथं जनावरं चारायचे; एन्ग्रासियाचा नवरा सिल्वेस्त्रे आपला रेडा तिथंच सोडायचा. जपानी आले आणि पुन्हा दगड वाहणं सुरू झालं. तोफेसाठी चौथरा हवा होता. एन्ग्रासियाला त्यांनी भात शिजवायला बसवलं. अडीच वर्षांत त्यांची भाषा तिला कामापुरती येऊ लागली.

तीन आठवड्यांपूर्वी तोफ चढावर ओढताना रेडा गुडघ्यांवर बसला. शिपाई त्याला संगिनीने टोचत राहिले. सिल्वेस्त्रेला ते बघवेना. त्याने दोर कापला. तोफ गडगडत खाली गेली आणि एका शिपायाचा पाय चिरडला. मग आता भिंतीखाली अडकलेल्या याच माणसाने सिल्वेस्त्रेच्या पोटात संगीन खुपसली, एकदा नव्हे, चारदा. एन्ग्रासियाने चुलीपाशी उभं राहून ते पाहिलं. प्रेत त्यांनी आत ओढत नेलं. दुपारी तिला सगळ्यांना भात वाढावा लागला, त्यालाही. नवऱ्याला कुठं टाकलं, असं तिने विचारलं तेव्हा तोंडावर बुटाची लाथ बसली. दोन दात गेले.

आता ती त्याच्याजवळ उकिडवी बसली. माझा नवरा कुठं आहे, तिने त्याच्या भाषेत विचारलं. तो नुसता पाणी मागत राहिला. तिने शहाळं फोडून त्याच्या तोंडाला लावलं आणि पुन्हा विचारलं. त्याने ग्रेगोरियोकडे बघितलं. एकदा सांगितलं, की लगेच हा मला मारणार, तो म्हणाला.

"नाही मारणार. मी शब्द देते."

चौथऱ्याच्या डोंगराकडच्या कोपऱ्यात, तो म्हणाला. दगडांखाली.

ती तिकडे चार पावलं गेली असेल. मागून ओलं लाकूड फोडल्यासारखा आवाज आला. मग आणखी एकदा.

"मी शब्द दिला होता त्याला."

"तू दिला होतास," ग्रेगोरियो म्हणाला. "माझा भाऊ होता तो."

दोघांनी मिळून दगड उपसले. सिल्वेस्त्रेला तिने शर्टावरच्या आपल्या टाक्यांवरून ओळखलं. त्याला चर्चमागे पुरलं, सगळा गाव आला. शिपायाला हात लावायला कुणी तयार होईना. दुसऱ्या दिवशी तिने एकटीने भिंतीच्या कडेला खड्डा खणला. ग्रेगोरियो लांबून बघत राहिला, ती कुदळ मागायला गेली तेव्हा तेवढी दिली. त्यानंतर दीर-भावजय एका गावात राहून कामापुरतंच बोलले.

पुढं सरकारने किल्ल्याची डागडुजी केली आणि तिला तिथं झाडलोटीला ठेवलं. तिचे केस पांढरे झाले. एकदा कार्यालयातून एक तरुण बाई आली. दारावर पाटी लावायची होती, त्यासाठी किल्ल्याचा इतिहास हवा होता. एन्ग्रासियाने सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. ऐकता ऐकता बाईचे डोळे भरून आले. सिल्वेस्त्रेचं नाव पाटीवर नक्की घालू, ती म्हणाली.

"भिंतीपाशी आहे त्याचंही घाल."

बाई थबकली. "तान एन्ग्रासिया," तिने आजीला म्हणतात तशी हाक मारली, "त्याचं नाव काय होतं?"

"ते मी विचारलंच नाही."

बाईने वही मिटली. ती गेल्यावर म्हातारी उठली आणि भिंतीच्या कडेला गेली. बाकी सगळीकडे ती विळा चालवायची. तेवढ्या जागेतलं गवत मात्र तिने खाली बसून हाताने उपटलं.