मी च्युइंगगम नव्हे

मित्रांनो, शेवट आधीच सांगून टाकतो. नगरपालिकेच्या डागनिर्मूलन खात्याने मला च्युइंगगम ठरवलं आणि एका मंगळवारी सकाळी अकरा वाजता वाफेच्या यंत्राने उकडून, खरवडून गटारात सोडून दिलं.

आता हे वाक्य तुम्ही वाचलेलंच नाही. मीही ते सांगितलेलं नाही. त्या आठवड्यात मंगळवार आलाच नव्हता. आपण नीट सुरुवात करू.

मी एक जुना डाग आहे. म्हणजे लोकांच्या लेखी. मुळात मी दगडफूल आहे. शाळेच्या पुस्तकात मला शैवाक म्हणतात आणि पुस्तक मिटल्यावर काहीच म्हणत नाहीत. वय एकसष्ट. रंग राखाडी, ओला झालो की किंचित हिरवट. आकार बशीएवढा, कडेला झालर. मुक्काम कुलूपवाल्याच्या दुकानासमोर, फूटपाथच्या एकेचाळिसाव्या फरशीवर. स्वभाव वाईट.

तो का वाईट, तेही ऐका. मी म्हणजे एक जीव नाही, दोन आहेत. एक बुरशी आणि एक शेवाळ. बुरशीने घर बांधायचं आणि दगडाला घट्ट धरून बसायचं. शेवाळाने आत बसून उन्हावर दोघांचा स्वयंपाक करायचा. एकसष्ट वर्षं एका छपराखाली आहेत आणि पहिल्या आठवड्यानंतर एकमेकांशी बोललेले नाहीत. वेगळं व्हावं तर बुरशी उपाशी मरते आणि शेवाळ वाहवत जातं. मी ‘मी’ म्हणतो तेव्हा या दोघांच्या वतीने बोलतो, आणि दोघांचाही त्याला आक्षेप आहे.

मी वर्षाला एक मिलिमीटर वाढतो. तुमची नखं तेवढी दहा दिवसांत वाढतात आणि तुम्ही ती कापून फेकता. यावरून वाढीबद्दलची तुमची कदर कळतेच. मित्रांनो म्हणतोय खरा, पण तुमच्यातल्या एकानेही त्या फरशीवर कधी मला वळसा घालून जायचे कष्ट घेतले नाहीत. चपला, टाचा, हातगाड्या, सगळं माझ्या तोंडावरून गेलं. एकदा शेजारी खरंखुरं च्युइंगगम येऊन पडलं. माझ्यापुढे कालचं पोर, पण लोकांनी आम्हाला सख्खी भावंडं ठरवलं.

मग भिंगवाली आली. ही कुलूपवाल्याची वहिनी. वाळलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात नोकरीला. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग. दिराकडे कपाटाची दुसरी किल्ली करायला आली आणि किल्ली राहिली बाजूला, फूटपाथवर पालथीच पडली.

“भावजी, हे इथे किती वर्षं आहे?”

“कुठलं? ते गम? दुकान घेतल्यापासून बघतोय. आधीच्या मालकाने थुंकलं असेल.”

“हे जिवंत आहे.”

“वहिनी, उठा बरं आधी. गिऱ्हाईक बघतंय.”

“बघू दे.”

“त्याला वाटेल, काहीतरी हरवलंय.”

“मग मदतीला येईल. चांगलंच आहे.”

दुसऱ्या दिवशी ती दोन बाटल्या घेऊन आली. एका सुईच्या टोकाने माझ्यावर कॉस्टिक सोड्याचा थेंब सोडला. मी पिवळा पडलो. मग कपडे पांढरे करायच्या ब्लीचचा थेंब. मला काही झालं नाही, अपमान सोडून. दगडफुलाची जात अशी ओळखतात म्हणे. पाहुण्याला नाव विचारायच्या आधी त्याच्या डोक्यावर फिनेल ओतायची तुमच्यात पद्धत असेल तर मला माहीत नाही. मग ती मांडीवर जाडजूड पुस्तक घेऊन बसली. झालर आहे का? असेल तर पान बारा. पिवळा पडतो का? पडत असेल तर पान चाळीस. असं करत करत पुस्तक संपलं आणि मी शिल्लक राहिलो. माझं नाव त्यात नव्हतंच.

“भावजी,” ती म्हणाली, “हे कोणालाच माहीत नाहीये.”

“कसं माहीत असेल? गमला कोण नाव ठेवतं?”

त्यानंतर दरवर्षी ती यायची, माझ्यावर पारदर्शक प्लास्टिक ठेवायची आणि बारीक पेनने माझी कड गिरवायची. मागच्या वर्षीचं प्लास्टिक त्यावर ठेवायची आणि दोन रेघांमधली एवढीशी फट बघून तिचं तोंड फुलायचं. मित्रांनो, माझ्या आयुष्यात कौतुक झालं ते एवढंच. ते मला आवडलं, असं मी कुठेही म्हटलेलं नाही.

पाचव्या वर्षी डागनिर्मूलन खातं जागं झालं. त्याचा अधिकारी डागसाहेब. त्याच्या दप्तरात प्रत्येक डागाला खाना होता. हिरवे डाग खाना सात, तेलकट डाग खाना चार, च्युइंगगम खाना दोन. भिंगवालीने जाऊन सांगितलं, की एकेचाळीस नंबरच्या फरशीवर जिवंत दगडफूल आहे, त्याला हात लावू नका.

“जिवंत आहे तर नाव सांगा,” डागसाहेब म्हणाला.

“नाव अजून ठेवायचंय.”

“मग ठेवा. यादीत नाव आलं की जिवंत. तोवर डाग.”

इथे एक मेख आहे, तेवढी समजून घ्या. नव्या जातीला नाव द्यायचं तर तिचा अख्खा नमुना खरवडून, वाळवून, पाकिटात घालून संग्रहालयाच्या कपाटात ठेवावा लागतो. भिंगवालीकडे मी एकच होतो. म्हणजे मी जिवंत आहे हे सिद्ध करायला आधी मला मारायला हवं होतं. तिने फरशीच उचलून न्यायची परवानगी मागितली. उत्तर आलं, फरशी खात्याची, डागही खात्याचा. शेवटी तिने मुदत मागितली. आणखी एक मी तयार करते, म्हणाली, मग एक पाकिटात आणि एक जागेवर. खात्याने उदार मनाने एक वर्ष दिलं. वर्षात मी एक मिलिमीटर वाढतो. म्हणजे सगळा खटला एका मिलिमीटरचा.

एका कोरड्या दुपारी तिने ब्लेडने माझ्या कडेचा भुगा काढला, थेंबभर पाण्यात कालवला आणि खरखरीत केलेल्या बारा दगडांवर कुंचल्याने थापला. हवा आणि ऊन माझंच हवं म्हणून ते दगड कुलूपवाल्याच्या दुकानामागे पत्र्याशेजारी मांडले. नऊ महिन्यांनी चार दगडांवर मी जीव धरला होता, टाचणीच्या डोक्याएवढा. ती भिंग लावून नाचायचीच बाकी होती. तेवढ्यात संग्रहालयाने तिला तीन महिने परगावी पाठवलं, कपाटं लावायला.

“भावजी, सकाळी एकच फवारा. मग कडकडीत वाळू द्यायचं. आणि बाकी काहीही करायचं नाही.”

“काहीही नाही?”

“काहीही नाही.”

मित्रांनो, माणसाला सगळं जमतं, काहीही न करणं जमत नाही. दुकान घेतल्यापासून माझ्या डोक्यावर सायकल लावणारा हा माणूस त्या बारा दगडांच्या प्रेमात पडला. “एका फवाऱ्याने काय होतंय? घसा तरी ओला होईल का?” असं म्हणत त्याने दिवसातून तीनदा पाणी सुरू केलं. ऊन लागेल म्हणून दगड सावलीत नेले. धूळ बसेल म्हणून वर प्लास्टिक ताणलं. कुंड्यांसाठी आणलेलं खत चिमूट चिमूट वाटून दिलं. सकाळी शटर उघडायच्या आधी मागे जाऊन “काय मंडळी, झोप झाली का?” विचारायचा. मी पुढच्या फरशीवरून ऐकत होतो. ओरडलो असतो, पण त्याला तोंड लागतं.

भिंगवाली परत आली तेव्हा त्याने तिला हाताला धरून मागे नेलं.

“वहिनी, डोळे मिटा. हां, आता उघडा. बघा! हिरवंगार!”

ती उकिडवी बसली. भिंग डोळ्याला लावलं. एक दगड, दुसरा, तिसरा. बाराही बघून झाले तरी उठली नाही.

“भावजी, पाणी किती वेळा घातलंत?”

“तीनदा. रविवारी दुकान बंद असतं ना, तेव्हा चारदा.”

“बुरशी कुजली. हे नुसतं शेवाळ आहे.”

“म्हणजे वाढलं ना पण?”

“निम्मं वाढलं.”

तो तिथेच उलट्या बादलीवर बसला. “मी एवढं केलं हो वहिनी.”

“हो,” ती म्हणाली. “तेच झालं.”

सोमवारी दुपारी डागसाहेब पाहणीला आला. बारा दगड बघून त्याने लिहिलं, हिरवे डाग, खाना सात. मग पुढे आला. कुलूपवाल्याने माझ्यावर स्टूल ठेवलं होतं आणि स्टुलावर स्वतः बसला होता.

“उठा.”

“पाय दुखतायत साहेब.”

“दुकानात बसा.”

“दुकानात जास्त दुखतात.”

शिपायाने त्याला स्टुलासकट उचलून बाजूला ठेवलं. भिंगवालीने गळ्यातलं भिंग काढून साहेबापुढे धरलं. “एकदा बघा तरी.”

“बाई, भिंगातून बघितलं की सगळंच जिवंत दिसतं. म्हणून आमच्या खात्यात भिंग ठेवत नाहीत.” मग त्याने बुटाची टाच माझ्यावर ठेवली आणि दोनदा गरागरा फिरवली. “बघा. चिकट.”

भर दुपार होती. मी कोरडा ठणठणीत होतो. चिकटलो नाही, चुरगळलो. साहेबाने तळव्याकडे पाहिलं, तिथे राखाडी भुगा होता. तरी त्याने लिहिलं, ‘चिकट’.

त्या संध्याकाळी भिंगवालीने छिन्नी आणली. आता राखून ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं. धड राहिलेला नखाएवढा तुकडा काढला, पाकिटात घातला, पाकिटावर तारीख लिहिली. कुलूपवाला कंदील धरावा तसा टॉर्च धरून उभा होता, उजेड असूनही.

आणि मग तो मंगळवार, जो आलाच नव्हता, आला. पुढचं मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, की वाफ गरम असते आणि यंत्र चालवणारा शीळ घालत होता.

वर्षभराने मला नाव मिळालं. लांबलचक आहे, मला उच्चारता येत नाही. ते यादीत छापून आलं, नामशेष झालेल्यांच्या यादीत. डागनिर्मूलन खात्याला भरून आलं. एकेचाळिसाव्या फरशीवर त्यांनी पितळी पाटी बसवली, ‘येथे एक दुर्मीळ दगडफूल होते’. ती दर आठवड्याला पुसतात. शिवाय डागसाहेबाने जाहीर केलं, की हे दगडफूल पुन्हा कुठे सापडलंच तर खातं त्याला कुंपण घालील, वर छत करील आणि दिवसातून तीनदा पाणी घालायला माळी ठेवील.

तर मित्रांनो, मी सापडलेलो नाही. पण आहे. साहेबाच्या टाचेखाली माझा चुरा झाला होता ना, तो त्याच्या बुटाच्या खाचांत बसून खात्याच्या इमारतीपर्यंत गेला आणि तिसऱ्या पायरीच्या चिरेत पडला. भिंगवालीने वर्षभर जीव टाकून जे साधलं नाही, ते माझ्या शत्रूने एका फेरीत केलं, आणि तेही पायाने. मला आता चार वर्षं झाली. मी चार मिलिमीटर आहे. त्याचे आभार मानायचा माझा विचार नाही.

मागच्या महिन्यात कुलूपवाला दुकानाच्या परवान्यासाठी तिथे आला. सोबत वहिनी. तिसऱ्या पायरीवर तिची नजर खाली गेली आणि पाय थांबला. हात गळ्यातल्या भिंगाकडे गेला. भिंग वर आलं, अर्ध्यावर थांबलं.

“काय सापडलं वहिनी?” कुलूपवाल्याने विचारलं. त्याच्या हातात पाण्याची भरलेली बाटली होती.

तिने बाटलीकडे पाहिलं. वर खात्याच्या दाराकडे पाहिलं. मग भिंग सोडून दिलं.

“काही नाही. कोणीतरी गम थुंकलंय.”

“काय एकेक लोक असतात!” असं म्हणून त्याने मला वळसा घातला. तीही माझ्याकडे न बघता वर गेली. अशी वागणूक मला एकसष्ट वर्षांत कोणी दिली नव्हती.

पण दोघांच्या समंजसपणावर किती दिवस काढणार? म्हणून रीतसर अर्ज करतो आहे.

प्रति, मा. डागनिर्मूलन अधिकारी. विषय: कायमस्वरूपी दुर्लक्ष मंजूर होणेबाबत. महोदय, अर्जदार आपल्याच कार्यालयाच्या तिसऱ्या पायरीवर गेली चार वर्षे वास्तव्यास आहे (पुरावा: चार मिलिमीटर). तरी अर्जदारास पाणी, खत, छत, कुंपण, पाटी, माळी व सत्कार यांपैकी काहीही देण्यात येऊ नये. सदर पायरी पुढील वीस हजार वर्षे धुण्यात, घासण्यात अथवा कौतुकाने पाहण्यात येऊ नये. तसेच हा अर्ज वाचून होताच अर्जदार कोठे आहे हे खात्याने तात्काळ विसरावे, आणि विसरल्याची लेखी पोच अर्जदारास वरील पत्त्यावर हस्ते देण्यात यावी, ही नम्र विनंती.