दिव्याला उत्तर

"तो बल्ब तसा ओढू नका हो, होल्डर जुना आहे. आधी वर ढकला, मग पिरगाळा," फुगेवाले म्हणाले.

गच्चीवरच्या जवानाने मेजरसाहेबांकडे पाहिले. मेजरसाहेबांनी मान हलवली. जवानाने बल्ब वर ढकलला, पिरगाळला आणि तो अलगद हातात आला. साधा, धूळ बसलेला बल्ब. पण जवानाने तो हातबॉम्ब असावा इतक्या जपणुकीने पिशवीत घातला. खाली गल्लीत लष्कराची जीप उभी होती आणि जीपभोवती सगळी गल्ली. एरवी कुणाच्या घरी पाहुणा आला तरी खिडक्या उघडतात, इथे तर साक्षात फौज आली होती.

फुगेवाले हे काही त्यांचे नाव नव्हे. आणि ते फुगे विकतही नसत. टेकडीवर हवामान खात्याची वेधशाळा होती. वरची हवा कुठे वाहते ते कळावे म्हणून तिथून रोज संध्याकाळी गॅस भरलेला मोठा पांढरा फुगा सोडत, आणि अंधारात दुर्बिणीतून तो सापडावा म्हणून त्याच्या दोरीला बॅटरीवरचा इवलासा दिवा बांधत. हे बांधण्याचे आणि सोडण्याचे काम फुगेवाल्यांचे. उभी हयात त्यात गेली. बायको चारचौघींत सांगायची, "लोकांचे नवरे पगारासाठी घाम गाळतात. आमचे फुगे सोडतात." सगळ्या हसायच्या, हेही हसायचे. बायको गेली तेव्हापासून तो विनोद कुणी केला नव्हता.

आता तर फुगेही गेले होते. वेधशाळेत नवे यंत्र आले, ते बसल्या जागी आकाशातले सगळे सांगायचे. संध्याकाळचे फुगे बंद झाले. फुगेवाल्यांच्या हातात झाडू आला आणि निवृत्ती तोंडावर.

आणि गेल्या आठवड्यात तो दिवा दिसला.

दिवेलागण होऊन गेली होती. टेकडीच्या बाजूने एक मोठा पिवळा उजेड वर आला, वस्तीवरून सावकाश सरकत लष्कराच्या छावणीकडे गेला, दारूगोळ्याच्या कोठाराच्या नेमका डोक्यावर जरा थबकला आणि ढगात शिरला. छावणीत भोंगा वाजला. दुसऱ्या दिवसापासून जितकी तोंडे तितक्या गोष्टी. कुणी म्हणाले तारा तुटला, कुणी म्हणाले शत्रूचे विमान. कोपऱ्यावरच्या न्हाव्याने तर त्याला खिडक्या पाहिल्या होत्या.

"खिडकीत माणसंही असतील मग!" दाढी करून घेणारा म्हणाला.

"एकच होता," न्हावी गंभीरपणे म्हणाला, "आणि दाढी वाढलेली होती बघा त्याची."

फुगेवाले शेजारच्याच खुर्चीत बसले होते, गालाला साबण लावून. लष्कराची माणसे वेधशाळेतही येऊन गेली, तेव्हा वेधशाळेच्या साहेबांनी छातीठोक सांगितले की आमचे फुगे केव्हाच बंद झाले, आणि आमचा दिवा एवढासा, चांदण्यांत हरवायचा. हा आमचा नव्हे. फुगेवाले दाराशी झाडत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. ते झाडतच राहिले. चौकशी होईल, निरोपसमारंभ राहील बाजूला आणि शेवटच्या दिवसांत नावाला बट्टा लागेल, ही भीती होतीच. पण त्याहून मोठी गोष्ट ही की कुणी 'का सोडलात?' असे विचारले, तर काय सांगायचे?

मेजरसाहेबांना सर्दी झाली होती. त्यांनी रुमालाने नाक पुसले आणि गच्चीच्या कठड्याला टेकले. "हे बघा काका, तुम्ही सरकारी माणूस, म्हणून सरळ विचारतो. तो दिवा या वस्तीवर आला, तेव्हा तुमच्या या गच्चीवरचा बल्ब लागला आणि विझला. परत लागला, परत विझला. छावणीच्या मनोऱ्यावरच्या पहारेकऱ्यानं स्वतः पाहिलंय. वर दिवा, खालून खूण. याचा अर्थ काय होतो, कळतंय ना?"

फुगेवाल्यांना कळले. फक्त मेजरसाहेबांना जे कळावेसे वाटत होते ते नव्हे.

"दोनदा?" त्यांनी विचारले.

"दोनदा."

"तिसऱ्यांदा नाही ना?"

मेजरसाहेब एकदम ताठ झाले. "का? तिसऱ्यांदा लागला तर काय?"

"बटाटे," फुगेवाले म्हणाले आणि पाण्याच्या टाकीच्या कडेवर टेकले.

ती खूण लग्नाच्या पहिल्या वर्षातली. नवी नवरी संध्याकाळी घरात एकटी, नवरा टेकडीवर. ती म्हणाली, "तुम्ही फुगा सोडलात की मी गच्चीवरून बघीन आणि दोनदा बल्ब लावीन. म्हणजे दिसला असं समजा. तिसऱ्यांदा लावला तर येताना बटाटे आणा." टेकडीवरून ही गच्ची स्पष्ट दिसे. फुगा सुटला की दुर्बिणीवाले डोळा लावून वर बघत आणि फुगेवाले खाली बघत. बल्ब दोनदा लागायचा. मग घरी आल्यावर जेवताना विषय निघायचाच.

"दिसला?"

"दिसला हो. आज जरा डावीकडून गेला."

केस पिकले तरी यात खंड पडला नाही. मग ती आजारी पडली, तिला दवाखान्यात ठेवले, आणि एका सकाळी डॉक्टर फुगेवाल्यांना म्हणाले, "यांची नजर तर केव्हाचीच गेलीय. दोन-तीन वर्षं तरी झाली असतील. तुम्हाला माहीत नव्हतं?"

माहीत नव्हते. घरातले डबे तिच्या हाताखालचे, वाटा पायाखालच्या. ती कधी अडखळली नाही आणि यांनी कधी विचारले नाही. आयुष्यभर आभाळाकडे डोळे लावून बसले आणि घरातल्या माणसाचे डोळे बघायचे राहून गेले. याची त्यांना इतकी लाज वाटली की तिला विचारायचेही धैर्य झाले नाही. मग विचारायला ती उरली नाही. मनात एकच सल राहिला: म्हणजे इतकी वर्षे ती नुसती घड्याळाच्या ठोक्यावर बटण दाबत होती. 'दिसला हो' हे आपल्याला बरे वाटावे म्हणून. खरे तर आपला दिवा कुणीच बघत नव्हते.

गेल्या आठवड्यात वेधशाळेची कोठी रिकामी करताना कपाटामागे एक फुगा सापडला. सिलिंडरमध्ये थोडा गॅस होता. साहेब घरी गेलेले, दुर्बिणीवाल्याची बदली झालेली. फुगेवाल्यांनी फुगा भरला आणि दिवा बांधायला घेतला. एक बांधला. मग थांबले. एवढासा दिवा तिला कसा दिसणार? त्यांनी खोक्यात होते नव्हते तेवढे सगळे दिवे काढले आणि द्राक्षाच्या घडासारखे एकत्र बांधले. वजनाने फुगा जड झाला, हळूहळू चढला. सोडताना मात्र ते खाली बघायला धजले नाहीत. अंधाऱ्या गच्चीकडे बघायचे तरी कशाला? त्यांनी वस्तीकडे पाठ केली आणि झाडू उचलला.

"ही दोरी कसली?" मेजरसाहेबांनी विचारले. जिन्याच्या तोंडापासून भिंतीला धरून बटणापर्यंत एक सुतळी ताणून बांधली होती.

"कपडे वाळत घालायची."

"कमरेएवढ्या उंचीवर?"

फुगेवाल्यांनी दोरीकडे पाहिले. रोज त्या दोरीजवळून ते जात-येत होते. जिन्यापासून बटणापर्यंत, मध्ये गाठी मारलेल्या, हाताला लागाव्यात अशा.

"घराला तुमचं कुलूप होतं आणि तुम्ही टेकडीवर होतात," मेजरसाहेब म्हणाले. "म्हणजे कुणीतरी या बाजूनं आलं." त्यांनी मधल्या भिंतीकडे बोट दाखवले. भिंत गुडघ्याएवढी. पलीकडची गच्ची शिवणवाल्या ताईंची. ताई एकट्या राहत, शाळेचे गणवेश शिवत. दिवसभर त्यांचे मशीन खडखडायचे. आज ते बंद होते.

"त्यांना छावणीत न्यावं लागेल. चौकशी करू, सोडून देऊ." मेजरसाहेबांनी खूण केली आणि एक जवान भिंत ओलांडून पलीकडे गेला.

ताई वर आल्या त्या रडतच. गळ्यात टेप तशीच, पाचावर धारण बसलेली. "मी काही केलं नाही हो साहेब. मी कुणाला ओळखत नाही. भाऊ, तुम्ही तरी सांगा ना यांना!" खाली गल्लीतली कुजबुज वाढली. एकट्या बाईच्या दारात जीप आली की लोक वर्षभर चघळतात. ताईंना ते चांगले ठाऊक होते, म्हणून त्या गल्लीकडे पाठ करून उभ्या राहिल्या.

फुगेवाले उठले.

"साहेब, त्यांना सोडा. तो दिवा माझा."

"तुमच्या साहेबांनी तर सांगितलंय, वेधशाळेचा नाही म्हणून."

"वेधशाळेचा नव्हताच. माझा होता."

मग त्यांनी सगळे सांगितले. कपाटामागचा फुगा, गॅस, दिव्यांचा घड. मेजरसाहेबांनी मधे तोडले नाही. फक्त शेवटी विचारले, "एवढे दिवे कशाला बांधलेत?"

"घरून दिसावा म्हणून."

"घरी कोण असतं?"

"कोणी नाही," फुगेवाले म्हणाले.

मेजरसाहेबांनी रुमाल काढला, पण नाक पुसायचे विसरले. मग ते ताईंकडे वळले. आवाज आता खाली आला होता. "आणि बाई, तुम्ही बटण का दाबलंत?"

ताईंनी पदराने डोळे पुसले. "सवयीनं हो! वहिनींची नजर गेली ना, तेव्हापासून रोज संध्याकाळी मला हाक मारायच्या. 'वर आला का गं?' आला म्हटलं की दोरी धरून जायच्या आणि बटण दाबायच्या. डावीकडं गेला का उजवीकडं, तेही विचारून घ्यायच्या. भाऊ घरी आल्यावर विचारतील म्हणून. शपथ घातली होती मला, भाऊंना सांगायचं नाही. म्हणायच्या, 'त्यांना कळलं तर दिवा सोडताना हात जड होईल त्यांचा.' त्या दिवशी मी वाळलेले कपडे काढायला आले तर हा एवढा मोठा दिवा! मला वाटलं, अगं बाई, भाऊंचा दिवा, आणि उत्तर द्यायला कुणी नाही. भिंत ओलांडली कधी आणि बटण दाबलं कधी, मलाच कळलं नाही."

बल्ब घेऊन उभा असलेला जवान दुसरीकडे बघू लागला. फुगेवाले त्या सुतळीकडे बघत राहिले. रोज विचारायची. रोज. नुसते घड्याळ बघून नाही.

"बाईंना नेण्याची गरज नाही," मेजरसाहेब अखेर म्हणाले. "काका, तुमचं मात्र खात्याला कळवावं लागेल. कोठारावर गॅसचा फुगा म्हणजे चेष्टा नाही. निवृत्तीच्या आधी त्रास होणार तुम्हाला."

"होऊ द्या."

मेजरसाहेब जिन्याशी गेले, परत आले, जवानाच्या हातातली पिशवी घेतली आणि बल्ब काढून फुगेवाल्यांच्या हातात दिला. "आधी वर ढकलायचा, मग पिरगाळायचा ना?" असे म्हणून ते खाली उतरले.

जीप गेली. गल्लीतल्या खिडक्या एकेक करून मिटल्या. न्हाव्याची मात्र पंचाईत झाली; खिडकीतल्या दाढीवाल्याचे आता काय करावे, ते त्याला कळेना.

फुगेवाले गच्चीवरच बसून राहिले. उन्हे उतरली. टेकडीवरची वेधशाळा काळी दिसू लागली. तिथून आता काही वर येणार नव्हते. पलीकडे ताई कपडे काढायला आल्या. घड्या घालता घालता त्या भिंतीशी थबकल्या.

"भाऊ, एक विचारू?"

"विचारा ना ताई."

"वहिनी बटण दाबून झालं की रोज मला म्हणायच्या, 'दिसलं असेल ना गं त्यांना?' मी म्हणायचे, दिसलं असेल. पण मला काय माहीत! त्या दिवशी मी दाबलं, ते... तुम्हाला दिसलं का हो तिकडून?"

फुगेवाल्यांना वस्तीकडे केलेली पाठ आठवली, आणि हातातला झाडू.

"दिसलं तर," ते म्हणाले. "अगदी स्वच्छ दिसलं. दोनदा."

"बरं झालं बाई," ताई म्हणाल्या आणि कपड्यांचा ढीग घेऊन खाली गेल्या. थोड्या वेळाने मशीन खडखडू लागले.

फुगेवाल्यांनी बल्ब होल्डरमध्ये बसवला. अंधार चांगलाच पडला होता, पण त्यांनी बटण दाबले नाही. भिंतीवरची दोरी हाताने चाचपून धरली, डोळे मिटले आणि एकेक गाठ मोजत जिन्यापर्यंत चालत गेले.